मजुरी थकली, तर अर्ज कोठे करावा?



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. आज मला तुमच्याशी थकलेल्या मजुरीविषयी बोलायचे आहे आणि या विषयापुरती ही म्हण निम्मी खरी व निम्मी खोटी आहे. खरी अशासाठी, की मजुरी वसूल करायला दिवाणी कोर्टात जाण्याची गरज नाही. कायद्यानेच ती वाट बंद करून दुसरी वाट काढून दिली आहे. खोटी अशासाठी, की आपण त्या म्हणीचा अर्थ 'गप्प बसावे' असा करून घेतो. कोर्टाची नसली, तरी एक पायरी चढावीच लागते. ती कोणती, हे ओळखायचे कसे, एवढेच आज सांगतो.

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगू द्या. २०१३ सालची गोष्ट. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले एक जोडपे पावसाच्या तोंडावर गावी परत आले. भट्टी होती शेजारच्या जिल्ह्यात. अकरा आठवड्यांची मजुरी मालकाने 'पुढच्या हंगामाला या, तेव्हा देतो' असे म्हणून ठेवून घेतली होती. पदरी दोन मुले. शाळा सुरू व्हायला आठ दिवस राहिलेले. दोघे आमच्या ओसरीवर येऊन बसले. बाई म्हणाली, "सर, तुम्ही एवढं शिकल्याले. एक अर्ज ल्हून द्या."

मी अर्ज लिहिला. चांगला दोन पानी लिहिला. 'पिळवणूक', 'अन्याय', 'न्यायदेवता' असे सगळे शब्द त्यात घातले. आणि वरचा मायना घातला पोलीस ठाण्याचा. ठाण्यात त्यांना सांगितले, "हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, आमचं काम नव्हे." मग मी तोच अर्ज तहसील कचेरीच्या नावाने पुन्हा लिहिला. तिथे तो एका फायलीत जाऊन बसला. मध्ये दुसरा हंगाम आला, दोघे पोटासाठी दुसऱ्या भट्टीवर गेले. परत आल्यावर एका वकिलांनी सांगितले, "अहो, ही जागाच नव्हे. भट्टी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या कामगार खात्याच्या कचेरीत जा." तिथे पोहोचेपर्यंत चौदा महिने झाले होते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती आणि अडकवून ठेवलेल्या पगाराच्या दाव्याला बारा महिन्यांची. सबळ कारण दाखवले, तर उशीर माफ करता येत असे. अधिकाऱ्यांनी विचारले, "मधल्या काळात कुठे कुठे अर्ज दिलेत, त्याची पोच दाखवा." पोच एकाही कचेरीची घेतलेली नव्हती. दावा निकालात निघाला.

मंडळी, काम खरे होते, घाम खरा होता, कायदाही होता. चूक होती ती मायन्यात. आणि मायना माझ्या हातचा होता. तेव्हापासून अर्ज लिहिण्याआधी मी तो कोठे द्यायचा, हे विचारायला शिकलो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मजुरी वेळेवर मिळावी, ही मागणी आजची नव्हे. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सरकारकडे एक अर्ज पाठवला. त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती: एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. म्हणजे त्या काळी तेवढाही मिळत नव्हता. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, १९३६ साली, पगार देण्याविषयीचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली किमान वेतनाचा कायदा आला. शेतमजुरीचा समावेश त्याच्या मूळ यादीतच होता. हे दोन्ही कायदे आता मागे पडले आहेत. त्यांच्या जागी 'वेतन संहिता, २०१९' आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

या संहितेतील काही गोष्टी लक्षात ठेवा. रोजंदारी असेल, तर मजुरी पाळी संपताच मिळाली पाहिजे. आठवड्याची असेल, तर सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी. महिन्याची असेल, तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. कामावरून काढले किंवा आपणहून काम सोडले, तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. 'पुढच्या हंगामाला देतो' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

आता मुख्य प्रश्न. अर्ज कोठे द्यायचा? त्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: तक्रार नेमकी कशाची आहे?

मजुरी दिलीच नाही, ठरल्यापेक्षा कमी दिली, सरकारी किमान दरापेक्षा कमी दिली, किंवा भलतीच कपात केली, या चारही तक्रारी एकाच दाराच्या आहेत. ते दार म्हणजे संहितेखाली दावे ऐकण्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी. त्याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार खात्याच्या कचेरीत करावी. सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी, अशी पाटी तिथे दिसेल. दावे ऐकण्याचा अधिकार सध्या कोणाकडे आहे, हे तिथेच विचारून घ्यावे आणि मगच मायना लिहावा. हा अधिकारी थकलेली रक्कम तर देववतोच. शिवाय प्रकरण पाहून त्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. दावा तीन महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. निकाल मान्य नसेल, तर नव्वद दिवसांच्या आत वर अपील करता येते.

पण तक्रारीचे रूप वेगळे असेल, तर दारही वेगळे. मारहाण झाली, कोंडून ठेवले, तर तो गुन्हा आहे. तेवढ्यापुरते पोलीस ठाणे हेच योग्य दार. आणि उचल घेतली म्हणून माणसाला दुसरीकडे जाऊच देत नाहीत, उचल फिटेपर्यंत बायकापोरांसह राबवून घेतात, असे असेल, तर ते निव्वळ मजुरीचे भांडण राहत नाही. ती वेठबिगारी आहे. त्यासाठी १९७६ चा कायदा आहे आणि त्याचे दार आहे जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांची कचेरी. त्या कायद्याने वेठबिगाराचे कर्जच रद्द होते. ज्याला आपण 'फिटली नाही' म्हणून मान खाली घालतो, ती उचल कायद्याच्या दृष्टीने उरतच नाही. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी जी बांधकामे चालली होती, तिथल्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तर असे म्हटले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही घटनेने मना केलेली सक्तीची मजुरीच होय.

बाजार समितीत किंवा गुळाच्या पेठेत हमाली करणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. माथाडी मंडळात ज्यांची नोंद आहे, त्यांनी आधी आपल्या मंडळाकडे जावे. १९६९ चा माथाडी कायदा त्यासाठीच झाला.

दुसरा प्रश्न: काम कोठे झाले?

इथेच आपले सर्वांत अधिक चुकते. माणूस अर्ज देतो तो आपल्या गावच्या तालुक्याला, कारण घर तिथे, ओळख तिथे. पण दावा जातो काम झाले त्या ठिकाणावरून. दाव्याचा निकाल झाला आणि तरी मालकाने पैसे दिले नाहीत, तर अधिकारी वसुलीचा दाखला काढतो. तो जातो आस्थापना ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे. मग ती रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. थकबाकीसाठी जप्ती कशी येते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ती जप्ती मालकावर यायची असेल, तर अर्ज मालकाच्या जिल्ह्यात पाहिजे.

आता बीडचे ऊसतोड कामगार घ्या. कोणी साताऱ्याला जातो, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सीमा ओलांडून बेळगावकडे. पट्टा पडल्यावर गावी येतो आणि मग हिशेब कमी आहे हे ध्यानात येते. तिथून कोल्हापूरला चार तारखांना जायचे, तर बुडीत मजुरी आणि गाडीभाडे यांची बेरीज थकबाकीच्या वर जाते. मालकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो हिशेब शेवटच्या दिवशी करतो.

यावर उपाय तीन. एक, फड सोडण्याआधी, तिथे असतानाच अर्ज द्यावा. दोन, एकट्याने देऊ नये. एका आस्थापनेतील कितीही कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो, असे संहितेत स्पष्ट आहे. सबंध टोळीने एक अर्ज करावा, म्हणजे तारखेला सगळ्यांना धावावे लागत नाही. तीन, नोंदणी झालेल्या संघटनेचे सभासद असाल, तर संघटना तुमच्यासाठी अर्ज करू शकते. कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. काम कर्नाटकात झाले असेल, तर कचेरीही कर्नाटकातलीच. तिथे कन्नड येत नाही म्हणून अडले, तर संघटनेचा आधार अधिकच कामाला येतो.

तिसरा प्रश्न: मालक कोण?

हा प्रश्न दिसतो सोपा, पण भल्याभल्यांना चकवतो. मजुराला ठाऊक असतो तो मुकादम. मुकादम म्हणतो, "मला ठेकेदारानं दिले नाहीत." ठेकेदार बोट दाखवतो कारखान्याकडे. कायद्याने यावर तोड काढून ठेवली आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ज्या आस्थापनेत काम झाले, तिच्या धन्यावर ती देण्याची जबाबदारी येते. म्हणून अर्जात एकच नाव घालू नये. मुकादम, ठेकेदार आणि धनी, तिघांचीही नावे घालावी. देणे कोणाचे, हे अधिकारी ठरवील.

मालक कोण, यावरून आणखी एक गोष्ट ठरते: दार राज्य सरकारचे की केंद्राचे? रेल्वे, खाणी, मोठी बंदरे, विमानसेवा, दूरसंचार, बँका, विमा आणि केंद्र सरकारचे उपक्रम यांच्या कामावरचा कामगार केंद्राच्या कक्षेत येतो. त्यांच्या ठेकेदाराकडचा मजूरही त्यातच येतो. रुळांखाली खडी टाकणारा मजूर ठेकेदाराचा असला, तरी त्याने केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जावे. गावाशेजारच्या खडीच्या खाणीतला मजूरही तसाच. वीटभट्टी, साखर कारखाना, गुऱ्हाळ, जिनिंग, दुकान, हॉटेल, ही सगळी राज्याच्या कामगार खात्याची दारे.

चौथा प्रश्न: किती दिवस झाले?

आजच्या संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि सबळ कारण असेल, तर त्यापुढचा उशीरही माफ होऊ शकतो. पण तीन वर्षे आहेत म्हणून स्वस्थ बसू नका. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची बाकी असेल, तर जुन्या सहा आणि बारा महिन्यांच्या मुदतीचा वाद मालकाचा वकील काढणारच. शिवाय साक्षीदार पांगतात, मुकादम गाव बदलतो, भट्टी दुसऱ्याच्या नावावर होते.

आणि आता दिवाणी कोर्टाविषयी. कोणी सांगेल, "सरळ दावा लावा, व्याजासकट मिळतील." ऐकू नका. या संहितेखाली जी रक्कम मागता येते, तिच्यासाठी दिवाणी दावा कोर्ट दाखलच करून घेऊ शकत नाही. पूर्वीच्या कायद्यातही असेच होते. मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्वच सांगून ठेवले, की जो हक्क कामगार कायद्याने दिला आणि ज्याची वाटही त्याच कायद्याने आखून दिली, त्याने त्या वाटेनेच जावे. कोर्टात लावलेला दावा दोन वर्षांनी 'येथे चालत नाही' म्हणून परत आला, तर मुदतीचे दिवस आपोआप परत मिळत नाहीत.

आता थोडे शिक्षक बंधुभगिनींसाठी.

तुमच्यापैकी काहींचा स्वतःचाच पगार थकलेला असेल. विनाअनुदानित शाळांतील हाल मी नव्याने सांगायला नकोत. पण एक ध्यानात घ्या, की कामगाराचे दार ते शिक्षकाचे दार असतेच असे नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. त्या बाईंची बाजू न्यायाची होती की नाही, हा पुढचा प्रश्न. त्यांचे दार चुकले होते. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या नोकरांसाठी १९७७ चा कायदा आहे. नोकरीवरून काढले, पदावरून खाली आणले किंवा बढतीत डावलले, तर त्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे असते आणि त्याची मुदत आदेश हाती पडल्यापासून अवघी तीस दिवसांची आहे. नुसता पगार थकला असेल, तर ते अपील नव्हे. आधी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि पुढे काय करायचे, ते वकिलाला विचारूनच ठरवावे.

वकिलाची फी परवडत नाही, असे म्हणाल. १९८७ च्या कायद्याने विधी सेवा समित्या झाल्या आहेत. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच त्यांची कचेरी असते. स्त्रिया, अनुसूचित जातीजमातींची माणसे, कारखान्यातील कामगार, वेठबिगारीत सापडलेले लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले सर्वजण यांना तिथे फुकट वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. माझ्या ओसरीवर आलेल्या त्या बाईला त्याच दिवशी एवढे सांगितले असते, तरी पुष्कळ झाले असते.

शेवटी अर्जाविषयी. अर्जात अलंकार नकोत, आकडे हवेत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, दर काय ठरला होता, किती मिळाले, उचल किती घेतली, बाकी किती. कपात किती झाली तेही लिहा. सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, उचलीची कपातसुद्धा त्यातच आली. पैसे दिले आहेत, हे शाबीत करण्याचे ओझे कायद्याने मालकावर टाकले आहे. पण आपण तिथे कामाला होतो, हे दाखवण्याची तयारी आपणच ठेवायला हवी. वजनाची पावती, मुकादमाच्या वहीचे पान, फोनवर आलेले पैसे, कामावर काढलेला एखादा फोटो, बरोबरच्या दोन माणसांची नावे, यांतले जे असेल ते जपून ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. 'माझे काही येणे राहिले नाही, हक्क सोडला' असे लिहून घेतले असले, तरी घाबरू नका. असा हक्क सोडून देण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. तो शिक्का नसल्याने काय होते, ते मी सांगितलेच आहे.

शिक्षकहो, गावात अर्ज लिहायचा तर माणसे अजूनही तुमच्याकडेच येतात. तुमचे अक्षर चांगले असते, तुमच्यावर विश्वास असतो. म्हणून विनंती एवढीच, की लेखणी उचलण्याआधी हे चार प्रश्न विचारा. तक्रार कशाची? काम कोठे? मालक कोण? दिवस किती? शाळेच्या एखाद्या वहीच्या मागल्या पानावर आपल्या जिल्ह्याच्या कामगार कचेरीचा पत्ता आणि विधी सेवा समितीची जागा आजच लिहून ठेवा. हंगामावर निघणाऱ्या माणसाच्या हातात, तो गाडीत चढण्याआधी, तेवढी चिठ्ठी द्या. आणि तो ज्या जिल्ह्यात निघाला आहे, तिथल्या कचेरीचाही पत्ता तिच्यावर घाला.

ते जोडपे आजही मला भेटते. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मागच्या वर्षी त्या बाईने नव्या भट्टीवर निघण्याआधी येऊन विचारले, "सर, कचेरी कुठल्या गावाला हाय, तेवढं आधीच सांगा." मी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. तिने तो कनवटीला लावला आणि ती गाडीकडे गेली.